ब्रेकअपवरचा सोलो अल्बम घरच्या घरी: पहिल्या व्हॉइस नोटपासून प्रकाशनापर्यंत

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांचं नातं तुटलंय, जे गिटार किंवा पेटी घेऊन बसतात आणि ज्यांच्या फोनमध्ये अर्धवट चालींचे तुकडे साठत चाललेत. बँड नाही, स्टुडिओचं तासाचं भाडं परवडत नाही, मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवणं, कधी केलेलं नाही. तरीही एकट्याने अल्बम पुरा करता येतो. घरगुती रेकॉर्डिंगच्या कामात मला एक गोष्ट ठामपणे पटलीय: रेकॉर्डिंग लगेच करायचं आणि निवड उशिरा करायची. ताज्या दुःखात गळ्यातून जे येतं ते सहा महिन्यांनी मागवून येत नाही. पण त्यातलं लोकांपुढे काय ठेवायचं हे त्याच दिवसांत ठरवलं तर अल्बमऐवजी कुणाला तरी पाठवलेली तक्रार तयार होते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वेळापत्रकावर उभ्या आहेत.

सुरुवातीला एक अल्बम नीट ऐका

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा जस्टिन व्हर्नन हा गायक-गीतकार २००६ मध्ये एकदम सगळीकडून मोकळा झाला. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलीमध्ये ज्या बँडबरोबर तो राहायला गेला होता तो बँड फुटला, प्रेमाचं नातं संपलं आणि वर मोठं आजारपण आलं. तो गावाकडे परतला आणि वडिलांच्या जंगलातल्या शिकारीच्या केबिनमध्ये तो हिवाळा, साधारण तीन महिने, एकटा राहिला. तिथे जे रेकॉर्ड झालं त्यातून 'बॉन इव्हेर' या नावाने 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो' हा अल्बम झाला. नऊ गाणी, सुमारे ३७ मिनिटं.

हेडफोन लावून तो सलग ऐका आणि चार गोष्टींकडे लक्ष द्या. एक, गाणारा माणूस एकच आहे, पण आवाज पाच-सहा जणांचा वाटतो, कारण त्याने स्वतःचाच आवाज थरावर थर चढवून घेतलाय. दोन, त्यातला बराच भाग खोट्या सुरात, म्हणजे नेहमीच्या पट्टीच्या वर, हलक्या आवाजात गायलाय. तीन, शब्द अनेकदा धूसर आहेत, तरी भावना पोचते. चार, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी वाद्यं थोड्याच जागी येतात आणि ती इतर वादकांनी वाजवलेली आहेत.

आता कालक्रम बघा. रेकॉर्डिंग २००६-०७च्या हिवाळ्यातलं. जुलै २००७ मध्ये त्याने स्वतःच ५०० प्रती काढल्या. जॅगजॅगवार या लेबलने अल्बम अमेरिकेत पुन्हा आणला तो फेब्रुवारी २००८ मध्ये. सुरुवातीला तर त्याला हे नुसते डेमो वाटत होते, पुढे कधीतरी नीट रेकॉर्ड करण्यासाठीचे. घाईने काहीच झालेलं नाही.

या अल्बमबद्दल लिहिताना सगळे त्या बर्फातल्या केबिनवर अडकतात आणि नवख्या कलाकाराला वाटतं की आपणही कुठेतरी डोंगरात जाऊन बसलं पाहिजे. माझ्या मते त्या गोष्टीत शिकण्यासारखं दुसरंच आहे. त्याच्याकडे साधनं मोजकी होती: एक शुअर एसएम ५७ माइक, एक साधा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी डबी), संगणकावर प्रो टूल्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, जुनी गिटार. आणि पाठीशी बँडमध्ये वाजवण्याची बरीच वर्षं होती. तुम्हाला जंगल लागत नाही. एक दार बंद होणारी खोली आणि ठरलेले तास लागतात.

पायरी १: पहिले आठवडे फक्त साठवा

फोनमधलं साधं रेकॉर्डर ॲप पुरेसं आहे. सुचलं की लगेच रेकॉर्ड करा, मग ते बाथरूममध्ये असो की लोकलच्या फलाटावर. प्रत्येक फाइलला नाव द्या, आणि नावात तीन गोष्टी असू द्या: तारीख, पट्टी, लय. '१२ जुलै, काळी दोन, संथ' असं लिहिलेली फाइल दोन महिन्यांनीही सापडते. 'रेकॉर्डिंग ४७' पुन्हा कुणी उघडत नाही. सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि रोज रात्री दुसरीकडे कॉपी होऊ द्या.

सोबत एक वही ठेवा, पण तिच्यात कविता लिहू नका. वस्तू, वेळा, वाक्यं टिपा. कपाटातल्या कोणत्या खणात तिचे कपडे होते, त्याचं हेल्मेट अजून कुठे लटकतंय, रविवारी दुपारी कुठला आवाज यायचा तो आता येत नाही, शेवटचा चहा कुठे झाला. गाणं लिहायला बसाल तेव्हा 'काळीज', 'आसवं', 'काळोख' हे शब्द आपोआप येतील, त्यांची सोय करावी लागत नाही. हेल्मेट मात्र वहीत नसेल तर आठवणार नाही.

या काळात दोन गोष्टी टाळाच. इन्स्टाग्रामवर तुकडे टाकू नका, आणि ज्या व्यक्तीबद्दल गाणं आहे तिला ते पाठवू नका. दोन्हींमुळे गाण्याचं लक्ष प्रतिसादाकडे वळतं आणि पुढचं गाणं त्या प्रतिसादाला उत्तर म्हणून लिहिलं जातं.

आणि एक गोष्ट अल्बमहून मोठी आहे. झोप, जेवण पूर्ण उडालं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर माइक बाजूला ठेवून टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. अल्बम थांबू शकतो.

पायरी २: चाल, मग शब्द

व्हर्ननची पद्धत नवख्यांना फार उपयोगी पडते. तो आधी निरर्थक अक्षरांवर चाल गायचा, ती रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि त्या आवाजांतून शब्द शोधायचा. तुम्हीही आधी 'ना ना' किंवा 'दा रा'वर पूर्ण मुखडा गा. मग ऐका: तुमचा गळा कोणत्या जागी 'आ'कडे जातोय, कुठे 'ओ'कडे? लांब धरलेल्या, वरच्या सुरावर 'आ' आणि 'ओ' मोकळे राहतात; 'ई'वर बहुतेकांचा गळा आवळतो. त्या जागी कोणता शब्द बसवायचा याची निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

मराठीत यात एक खास अडचण आहे. 'घर', 'हात', 'पाऊस' हे शब्द बोलताना व्यंजनावर थांबतात. ओळीच्या शेवटी लांब सूर हवा असेल आणि तिथे 'पाऊस' आला तर सूर धरायला जागाच उरत नाही. 'वाटा', 'राहिले', 'होतो', 'सावली' अशा स्वरांत संपणाऱ्या शब्दांवर सूर पसरतो. उलट एखादी ओळ मध्येच तोडल्यासारखी हवी असेल तर 'बस', 'दार', 'नको ना आज' असे मिटणारे शेवट मुद्दाम वापरा. ब्रेकअपच्या गाण्यात असे तुटणारे शेवट खूप बोलतात.

दुसरी गोष्ट लिंगाची. मराठी क्रियापद लगेच चुगली करतं. 'तू गेलीस' म्हटलं की समोर बाई आहे, 'तू गेलास' म्हटलं की पुरुष. 'मी थांबलो' आणि 'मी थांबले'मध्ये गाणाराही उघड होतो. ते उघड व्हायला हवं असेल तर प्रश्न नाही. नको असेल, समोरच्याची ओळख झाकायची असेल किंवा ऐकणाऱ्या कुणालाही ते गाणं आपलं वाटावं असं हवं असेल, तर भाषेत वाटा आहेत. भविष्यकाळ वापरा: 'तू जाशील', 'मी थांबेन'. सकर्मक भूतकाळ वापरा, कारण तिथे क्रियापद कर्मानुसार बदलतं: 'तू सांगितलंस', 'तू दार लावलंस'. नाम करून टाका: 'तुझं जाणं', 'तुझं गप्प बसणं'. एखादं गाणं पूर्ण अशा रचनांत लिहून बघा. बंधन पाळताना ठरावीक ओळी आपोआप गळून पडतात.

रचना कुठून आणायची असा प्रश्न पडला तर घरातच बघा. ओवी हा जात्याच्या घरघरीवर, कुठल्याही वाद्याशिवाय गायचा प्रकार. एकट्या आवाजाच्या अल्बमला याहून जवळचं काय असणार? ज्ञानेश्वरांच्या विराण्या विरहाच्याच आहेत. त्यांच्या ओळी उचलू नका, पण त्यातली विरहिणी दुःखाचं नाव न घेता ढगाशी, कावळ्याशी, चंदनाच्या लेपाशी बोलते हे बघा. दुःख थेट सांगण्यापेक्षा समोरच्या एखाद्या वस्तूशी बोललं की गाणं सुटतं. तुमच्याकडे ते हेल्मेट आहेच.

पट्टी ठरवताना दिवसा गाऊन ठरवू नका. रेकॉर्डिंग बहुधा रात्री किंवा पहाटे होणार आणि तेव्हाचा गळा दिवसासारखा नसतो. प्रत्येक गाणं तीन पट्ट्यांमध्ये गाऊन रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका, मग कॅपो (गिटारची पट्टी बदलणारा चिमटा) कुठे लावायचा ते नक्की करा. हळू, जवळून गायचं असेल तर तुमच्या नेहमीच्या मैफिलीच्या पट्टीपेक्षा एक-दोन सूर खालची पट्टी बरी पडते.

पायरी ३: खोली

पैसे माइकवर घालण्याआधी खोलीवर वेळ घाला. रिकाम्या, टाइल्स लावलेल्या खोलीत कितीही महाग माइक ठेवला तरी आवाज आदळून परत येतो आणि तो नंतर काढता येत नाही. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागे, समोरच्या भिंतीशी उभी केलेली गादी, बाजूला दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या किंवा रजया, खाली सतरंजी. एवढ्यावर आवाज कोरडा होतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्याच्या फंदात पडू नका, त्यांनी जवळजवळ काही होत नाही. खोलीच्या कोपऱ्यात आणि बरोब्बर मध्यभागीही बसू नका, दोन्ही जागी खालचे सूर विचित्र फुगतात किंवा दबतात.

मग एक मिनिट काही न गाता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर मोठ्या आवाजात ऐका. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टरची गुणगुण, चार्जरची किरकिर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, सगळं कळेल. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, गिटार ॲम्पचा प्लग अर्थिंग नीट असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावा. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे पुन्हा चालू करायचं राहणार नाही. पंखा बंद करावाच लागतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात हे हाल असतात, त्यामुळे पहाटेची वेळ धरा आणि एका बैठकीत एकच गाणं घ्या.

पावसाचा आवाज नको असेल तर पत्र्याच्या शेडजवळची खोली जून ते सप्टेंबर विसरा. हवा असेल तर तो वेगळा, स्वतंत्र ट्रॅक म्हणून घ्या. गाण्याच्या ट्रॅकमध्ये मिसळलेला पाऊस तुमच्या हातात राहत नाही.

पायरी ४: साधनं

इथे वेळ घालवू नका. एक डायनॅमिक माइक, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, स्टँड, पॉप फिल्टर (तोंडाचा वारा अडवणारी जाळी). खोली पक्की शांत नसेल तर कंडेन्सर या जास्त संवेदनशील माइकऐवजी डायनॅमिकच घ्या, तो आजूबाजूचं कमी पकडतो. कंडेन्सर घेतलात तर त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज, द्यावा लागतो. सॉफ्टवेअर म्हणून ॲपलवर गॅरेजबँड मोफत मिळतं, विंडोजवर रीपर हलकं आणि स्वस्त आहे. जे घ्याल ते अल्बम संपेपर्यंत बदलू नका.

सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. रेकॉर्ड करताना बफर (संगणक एका वेळी किती आवाज साठवून पुढे देतो ते माप) कमी ठेवा, १२८च्या आसपास, म्हणजे स्वतःचा आवाज कानात उशिरा येत नाही. मिक्सिंग करताना तो १०२४पर्यंत वाढवा.

पायरी ५: आवाज आणि वाद्य रेकॉर्ड करणं

माइक तोंडापासून एक वीत अंतरावर, भुवयांच्या उंचीवर, थोडा खाली तोंडाकडे झुकलेला. समोरासमोर ठेवला तर 'भ', 'फ', 'ख', 'ठ' या महाप्राणांचा वारा थेट पडद्यावर आपटतो, आणि आपल्या भाषेत हे वर्ण इतके आहेत की प्रत्येक ओळीत एखादा धपका बसतोच. सर्वांत मोठ्याने गायलेल्या जागी मीटर -१२ ते -६ डेसिबलच्या मध्ये राहील इतकाच गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवणारं बटण) ठेवा. लाल दिवा लागलेला टेक, म्हणजे एका दमात गाऊन घेतलेलं रेकॉर्डिंग, कितीही भावपूर्ण असला तरी फुटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

पहिला टेक नेहमी ठेवा. पुसू नका. चार-पाच टेकनंतर सूर पक्का होतो, पण शब्द म्हणण्यातला संकोच जातो, आणि ब्रेकअपच्या गाण्यात तो संकोचच ऐकायचा असतो. एखाद्या जागी गळा भरून आला तर थांबू नका, ओळ पूर्ण करा. नंतर निवडताना ठरवता येईल.

आता थर. मुख्य आवाज घेऊन झाला की तीच ओळ पुन्हा चार वेळा, स्वतंत्र ट्रॅकवर गा. दोन पूर्ण डाव्या स्पीकरकडे, दोन उजव्या स्पीकरकडे, आणि चारही मुख्य आवाजाच्या बरेच खाली. इथे एक बारकावा आहे जो बहुतेकांना उशिरा कळतो: या चार थरांमध्ये शेवटची व्यंजनं गिळा. 'हात'मधला 'त' आणि 'पाऊस'मधला 'स' फक्त मुख्य आवाजात ठेवा, थरांमध्ये 'हा…' आणि 'पाऊ…' इतकंच गा. नाहीतर पाच 'स' पाच वेगवेगळ्या क्षणी येतात आणि ओळ फाटते. श्वासाचंही तसंच, थरांमधले श्वास कापून टाका आणि मुख्य आवाजातले राहू द्या.

गिटारला माइक भोकासमोर लावू नका, तिथे नुसता घुमारा मिळतो. गिटारच्या मानेवरच्या बाराव्या फ्रेटकडे रोखा, अंतर पुन्हा एक वीत. बोटं सरकताना तारांचा येणारा चिरका आवाज थोडा राहू द्या.

पेटी वापरणार असाल तर आधी ट्यूनरवर तपासा. अनेक जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या, म्हणजे आजच्या प्रमाण सुराच्या, नेमक्या मापावर नसतात, आणि पेटी आधी रेकॉर्ड करून वर कीबोर्ड चढवला की दोन्ही एकमेकांशी भांडतात. पेटी बदलता येत नसेल तर बाकी सगळं तिच्या सुराला जुळवा. तानपुऱ्याच्या ॲपमध्ये सूर बारीक वर-खाली करता येतो. भात्याचा आवाज कमी हवा असेल तर माइक वरून, पट्ट्यांच्या बाजूला लावा.

मेट्रोनोमबद्दल, म्हणजे लय मोजणाऱ्या टिकटिकीबद्दल (क्लिक), माझं मत: संथ, एकट्याच्या गाण्यात मुख्य वाद्य क्लिकशिवाय घ्या, ओळीच्या शेवटी लय सैल पडू द्या आणि बाकी सगळे थर त्या वाद्यावर गा. ठेका किंवा ड्रम्स नंतर येणार असतील तर मात्र क्लिक हवाच.

पायरी ६: थांबा, मग निवडा

पुरेसं साठलं की दीड-दोन महिने काहीही ऐकू नका. या लेखातली ही सर्वांत अवघड पायरी आहे आणि हीच सगळ्यात जास्त वगळली जाते.

मग एका बैठकीत सगळं ऐका आणि तीन ढीग करा. पहिला: जी गाणी अनोळखी माणसालाही गाणी वाटतील. दुसरा: जी फक्त तुम्हाला आणि त्या व्यक्तीलाच कळतील. तिसरा: जी सूड उगवायला लिहिली आहेत. तिसरा ढीग बंद करून ठेवा. त्यातल्या चाली चांगल्या असल्या तर शब्द बदलून वापरा. दुसऱ्या ढिगातलं एखादं घेता येईल, कारण सगळंच सर्वांना कळणारं असलं की अल्बम गुळगुळीत होतो. आठ-नऊ गाणी, ३५ मिनिटांच्या आसपास, हे पहिल्या अल्बमला पुरतं. चारच चांगली निघाली तर चारच काढा. चार ते सहा गाणी आणि एकूण वेळ तीस मिनिटांच्या आत असली की बहुतेक स्ट्रीमिंग सेवा त्याची ईपी (छोटा अल्बम) म्हणून नोंद करतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

क्रम लावताना भेट-प्रेम-भांडण-निरोप असा सरळ रस्ता घेऊ नका. पट्टी आणि लय बघा. एकाच पट्टीतली दोन संथ गाणी लागोपाठ आली की ऐकणाऱ्याला एकच लांब गाणं वाटतं. सर्वांत उघडं-वाघडं गाणं मध्याच्या थोडं पुढे ठेवा, सुरुवातीला ते ऐकायची कुणाची तयारी नसते.

आता दुसऱ्या माणसाचा विचार. नातं दोघांचं होतं, अल्बम एकाचा आहे. त्यामुळे काही गोष्टी पक्क्या असू द्या. खरं नाव, नोकरीचं ठिकाण, आजारपण, घरच्यांची भांडणं गाण्यात आणू नका. आपल्याकडे बदनामी दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कायद्यांखाली येते, हे लक्षात ठेवा. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. समोरच्याची व्हॉइस नोट गाण्यात वापरायचा मोह फार जणांना होतो. लेखी परवानगीशिवाय वापरू नका. त्यांनी लिहिलेली पत्रं आणि लांबलचक मेसेज तुमच्याकडे असले तरी त्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचाच असतो; कागद तुमचा, शब्द त्यांचे. एकत्र असताना दोघांनी मिळून केलेली चाल असेल तर तीही एकट्याची नाही.

ओळखीच्या लोकांना ती व्यक्ती सहज ओळखू येणार असेल तर प्रकाशनाआधी दोन ओळींचा निरोप द्यावा असं मला वाटतं: अल्बम येतोय, त्यात नाव नाही, तुला आधी कळावं म्हणून सांगितलं. गाणी पाठवून अभिप्राय मागू नका. मात्र नात्यात मारहाण, धमक्या, पाठलाग असं काही होतं तर अजिबात संपर्क करू नका, आधी वकिलाशी बोला.

पायरी ७: पाहुणे, मिक्सिंग, मास्टरिंग

निवडलेल्या गाण्यांपैकी एक-दोन जागी दुसऱ्या कुणाचा हात लागला तर अल्बमला हवा मिळते. एखादी बासरी, सारंगी, मागे एक वेगळा आवाज. तो कुठे येणार हे तुम्ही ठरवा, काय वाजवणार हे त्यांच्यावर सोडा. मित्र असला तरी एक पानाचं लेखी ठेवा: मानधन किती, श्रेय कसं, रॉयल्टीत वाटा आहे की नाही.

मिक्सिंगमध्ये आवाजावर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, शब्द कळतील इतका मुख्य आवाज पुढे आणा, रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) आवडेल त्याहून थोडा कमी ठेवा. मग फोनच्या स्पीकरवर, स्वस्त इअरफोनवर आणि कुणाच्या तरी गाडीत ऐका. जमलं तर मिक्सिंग दुसऱ्याकडून करून घ्या. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर इथे घाला, कारण स्वतःच्या रडवेल्या आवाजाची पातळी स्वतःला ठरवता येत नाही. मास्टर, म्हणजे प्रकाशनाची अंतिम फाइल, सुमारे -१४ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) आणि ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) -१ डेसिबलच्या खाली राहिलं तर स्पॉटिफायवर आवाज बदलून वाजणार नाही.

मूळ ट्रॅक्स वेगवेगळे, नावानिशी, दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात असू द्या.

पायरी ८: कागदपत्रं आणि प्रकाशन

एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तिन्ही तुम्हीच केलं असेल तर तिन्ही तुमचे, आणि कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण कुणी पैसे घालून रेकॉर्डिंग करवून घेतलं असेल तर ध्वनिमुद्रणाचा मालक कोण हे आधी लिहून घ्या. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा राखून ठेवलाय, तो कुठल्याही कंपनीच्या नावावर सोडून देता येत नाही. ती रॉयल्टी गोळा करण्यासाठी आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. सभासद झालं की काम संपलं असं समजून बरेच जण गाणी नोंदवायचंच विसरतात.

स्ट्रीमिंगवर जायला वितरक, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या सेवांपर्यंत पोचवणारी कंपनी, लागतो. काही वर्षाला पैसे घेतात, काही एकदाच, काही कमाईतला हिस्सा. वार्षिकवाल्यांकडे वर्गणी थांबवली तर गाणी उतरवली जातात का, हे सही करण्याआधी वाचा. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो. बहुतेक वितरक तो देतात, तो स्वतःकडे लिहून ठेवा. वितरक बदलला तरी तोच क्रमांक वापरायचा, म्हणजे आधीची ऐकण्याची संख्या जात नाही.

फॉर्म भरताना भाषा मराठी निवडा. यादीत आधी हिंदी दिसते आणि घाईत तीच राहून जाते. कलाकाराच्या नावाचं एकच स्पेलिंग सगळीकडे ठेवा. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, चौकोनी, आणि त्यावर दोघांचा जुना फोटो नको, पाठमोरा असला तरी.

प्रकाशनाचा दिवस शुक्रवार धरा आणि फाइल्स चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एक गाणं पाठवता येतं, ते निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं. पैशांची अपेक्षा मात्र बेताची ठेवा: तिथे ३० सेकंद ऐकलं तरच एक प्ले धरतात, आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १००० प्ले न झालेल्या ट्रॅकला रॉयल्टीच मिळत नाही. म्हणून बँडकॅम्प या थेट विक्रीच्या साइटवरही ठेवा. तिथे डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि व्यवहाराचं शुल्क कापून बाकी रक्कम कलाकाराला मिळते, आणि लंडन-सिडनीत राहणारा एखादा मराठी श्रोता पूर्ण अल्बम विकत घेऊ शकतो.

पायरी ९: गाणी लोकांसमोर गाताना

घरात पाच थर चढवलेलं गाणं मंचावर एकट्याने तसं होत नाही. व्हर्ननलाही दौऱ्यासाठी वादक-गायक सोबत घ्यावे लागले. तुमच्याकडे ती सोय नसेल तर प्रत्येक गाण्याची एक उघडी, एका आवाजाची आवृत्ती आधीच बसवा. सुरुवात कुणाच्या तरी दिवाणखान्यातून, वीस-पंचवीस माणसांपुढे करा. मग छोटे रंगमंच बघा, जिथे शेवटच्या रांगेपर्यंत श्वास पोचतो.

'हे कुणाबद्दल आहे?' हा प्रश्न पहिल्याच कार्यक्रमानंतर येणार, आणि तो बहुधा मावशीकडून किंवा कॉलेजच्या मित्राकडून येईल. उत्तर घरून तयार ठेवा. व्हर्ननने एमा ही एखादी व्यक्ती नसून माणूस जिथे अडकून पडतो अशी जागा आहे, असं सांगितलं होतं. तुमचं उत्तर याहून साधं असलं तरी चालेल, फक्त प्रत्येक वेळी तेच द्या.

कार्यक्रम चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नका. सर्वांत जड गाण्याच्या आधी गिटार पुन्हा लावून घ्या, त्यानंतर लगेच लावायला हात स्थिर राहत नाहीत. आणि यादीत निदान दोन गाणी या अल्बमबाहेरची, दुसऱ्या कुठल्याही विषयावरची ठेवा.